परदेशी न्यूज चॅनेलवरचे फिलिपिनो पत्रकार, कोणी बघायचात का?

मेघना_सिंगापूर

नमस्कार मंडळी, हा विषय बरेच दिवस डोक्यात आहे पण लिहायला मुहूर्त लागत नव्हता. आम्ही २००४ मध्ये सिंगापूरला आलो तेव्हा सकाळी डबे भरताना टीव्हीवर बीबीसी वर्ल्ड लागलेलं असायचं आणि आशियातल्या बाजारांच्या बातम्या सांगायला रिको हिझोन यायचे. मला शेअर बाजारातलं ओ की ठो कळत नव्हतं तरी मी ऐकायचे कारण तो माणूस येन आणि तेलाच्या किमतीबद्दलसुद्धा असा जीव ओतून बोलायचा की हातातली पोळी तव्यावर तशीच राहायची. ते कुठले हे मला ठाऊकच नव्हतं. शेजारच्या घरी कामाला असलेली फिलिपिनो बाई एकदा डबा परत द्यायला आली, दारातून टीव्ही दिसला आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, हा आमचा, मनिलाचा, आधी आमच्या जीएमए चॅनेलवर होता. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला अजून आठवतं.

मग मी बघायला लागले आणि लक्षात आलं की हे एकटे नाहीत. सीएनएनवर मारिया रेसा होत्या, अल जझीरावर वेरोनिका पेद्रोसा, मार्गा ओर्तिगास, जामेला अलिंदोगान. हिझोन जीएमएवरून सीएनबीसी एशियाला गेले, तिथून २००२ मध्ये बीबीसीत, आणि २०२० पर्यंत म्हणजे तब्बल १८ वर्षं सिंगापूरच्या स्टुडिओतून बातम्या देत राहिले. एवढ्याशा देशातून इतकी माणसं जगाच्या बातम्या सांगायला कशी पोचली असतील? आपल्याकडे फिलिपिन्स म्हटलं की नर्स, खलाशी आणि घरकामाच्या बायका एवढंच डोळ्यासमोर येतं, म्हणून मुद्दाम धागा काढला. कोणाला काय माहिती असेल ते लिहा.

वैनतेय

मेघनाताई, विषय छान आहे पण उत्तर सोपं आहे असं मला वाटतं. इंग्रजी. १८९८ पासून अमेरिकेचं राज्य, १९०१ मध्ये थॉमस नावाच्या जहाजातून पाचेकशे अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले आणि तेव्हापासून शाळा इंग्रजीत. आजही इंग्रजी तिथली अधिकृत भाषा आहे. उच्चार अमेरिकन कानाला ओळखीचा. त्याच कारणाने कॉल सेंटरं तिकडे गेली. चॅनेलवाल्यांना आशियाई चेहरा हवा होता आणि कळणारं इंग्रजी हवं होतं, दोन्ही एका माणसात मिळालं. यात पत्रकारितेचा भाग किती आणि उच्चाराचा किती हे तपासायला हवं.

मेघना_सिंगापूर

वैनतेय, इंग्रजीचा भाग आहेच, नाही कुठे म्हणतेय मी. पण नुसत्या इंग्रजीवर होत असतं तर आपली माणसं आपल्या इंग्रजीच्या जोरावर प्रत्येक चॅनेलवर दिसली असती ना.

मला वेगळं वाटतं. वेरोनिका पेद्रोसांचंच बघा. त्यांच्या आईने, कार्मेन नवारो पेद्रोसांनी, १९६९ मध्ये इमेल्डा मार्कोसचं, म्हणजे पुढे हुकूमशहा झालेल्या फर्डिनांड मार्कोसच्या बायकोचं, चरित्र लिहिलं, मार्कोस बाईंना न आवडणारं. त्यातून कुटुंबाला देश सोडून लंडनला राहावं लागलं, मुलं तिथे वाढली. १९८६ मध्ये मार्कोस पळाले तेव्हा परतीची वाट उघडली. ही मुलगी मोठी होऊन मनिलाच्या एबीएस-सीबीएनवर, सीएनएन इंटरनॅशनलवर आणि मग अल जझीरा इंग्लिशवर दिसते. ज्या घरात एका पुस्तकापायी देश सुटला त्या घरात बातमी म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नसेल. हे उच्चाराच्या क्लासात मिळत नाही हो.

अनघा७२

मी मास कम्युनिकेशन शिकवते म्हणून थोडी भर घालते.

तिथल्या टीव्हीचा इतिहास बघितल्याशिवाय हे कळणार नाही. सप्टेंबर १९७२ मध्ये मार्शल लॉ आला आणि एबीएस-सीबीएनसकट चॅनेलं, वर्तमानपत्रं बंद केली. चौदा वर्षं तसंच. मग फेब्रुवारी १९८६, एड्सा नावाच्या त्या रुंद रस्त्यावर लाखो लोक, रणगाड्यांपुढे जपमाळ घेऊन बसलेल्या नन्स. ते सगळं जगाने टीव्हीवर पाहिलं आणि परदेशी चॅनेलांना पहिल्यांदा पटलं की मनिलात आपलं कायमचं माणूस हवं. त्याच वेळी तिथली एक अख्खी पिढी पहिल्यांदा मोकळेपणी बातमी करायला शिकत होती.

मारिया रेसा नेमक्या त्या दारातून आत आल्या. जन्म मनिलाचा, १९६३. दहा वर्षांच्या असताना अमेरिकेत गेल्या, न्यू जर्सीत शाळा, प्रिन्स्टनला कॉलेज. १९८६ ला फुलब्राइट या अमेरिकन शिष्यवृत्तीवर परत. १९८७ पासून सीएनएनच्या मनिला ऑफिसच्या प्रमुख, तेव्हा मार्कोसनंतरच्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनोंविरुद्ध एकामागून एक लष्करी बंडं होत होती. १९९५ पासून दहा वर्षं जकार्ताला. इंडोनेशियाचे हुकूमशहा सुहार्तो गेले ते १९९८, पूर्व तिमोर पेटलं ते १९९९, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि ९/११ नंतर आग्नेय आशियातल्या अल कायदाच्या जाळ्याबद्दल त्यांनी जे काम केलं त्याचे धागे परत मनिलातच जातात, जानेवारी १९९५ मध्ये तिथल्या एका फ्लॅटमध्ये आग लागली आणि विमानं उडवून देण्याचा कट सापडला होता त्याच्यापर्यंत. परदेशातून आलेल्या वार्ताहराला ती जुनी पोलीस फाईल कोणाकडे मागायची हे ठाऊक असतं का? यांना होतं.

पण मेघनाताई, एक प्रश्न मला तुमच्याही मांडणीबद्दल आहे. रेसा अमेरिकेत वाढल्या, पेद्रोसा लंडनमध्ये. मग यांना स्थानिक म्हणायचं का?

दोहावाली_स्नेहा

अनघाताई मस्त प्रतिसाद.

आम्ही दोहात अकरा वर्षं आहोत. अल जझीरा इंग्लिश सुरू झालं नोव्हेंबर २००६ मध्ये, तेव्हा दोहा, क्वालालंपूर, लंडन आणि वॉशिंग्टन अशा चार ठिकाणांहून बातम्या द्यायचे, सूर्य जसा फिरेल तसं केंद्र बदलायचं. आशियाची पाळी क्वालालंपूरहून, पेट्रोनास टॉवरमधून, आणि तिथे पेद्रोसा अँकर. म्हणजे आशियाची बातमी आशियातूनच, आणि सांगणारी बाई मनिलाची. आज हे वाचून विशेष वाटणार नाही पण त्या आधी आशियातला पूर असो की निवडणूक, बातमी बहुतेक लंडन नाहीतर अटलांटाहून यायची.

मार्गा ओर्तिगास मात्र पक्क्या मनिलाच्या. तिथल्या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमातून सुरुवात, मग लंडनला सीएनएन, इराक युद्धाचं काम आणि मग अल जझीरासाठी परत मनिला. त्यांची एक सवय मला फार आवडायची, त्या माणसाला पूर्ण बोलू द्यायच्या.

बाकी इथे फिलिपिनो शेजाऱ्यांच्या घरी अल जझीरा क्वचितच लागतं. त्यांचं टीएफसी म्हणजे द फिलिपिनो चॅनेल, एबीएस-सीबीएनने १९९४ पासून परदेशातल्या आपल्या लोकांसाठी काढलेलं. गावची बातमी, मालिका, गाण्यांच्या स्पर्धा सगळं त्यावर. शेजारच्या काकू सांगतात, जगाला आमच्याबद्दल कळायला ते चॅनेल आणि आम्हाला आमच्याबद्दल कळायला हे.

दर्याचा_पाहुणा

अनघाताईंनी स्थानिक कोण हे विचारलंय त्यावर एक आठवण सांगतो, जरा लांब होईल.

मी गुहागरचा, मर्चंट नेव्हीत आहे, आयुष्यातली अर्धी जेवणं फिलिपिनो कुकच्या हातची झालीत. नोव्हेंबर २०१३ ला आम्ही डर्बनला होतो. ८ तारखेला हैयान वादळ लेयते बेटावर आदळलं. आमचा चीफ कुक टॅक्लोबानच्या जवळचा, घरी बायको, दोन मुली, म्हातारी आई. फोन लागेना. तिसऱ्या दिवशी बंदरातल्या सीमेन्स क्लबमध्ये टीव्ही होता तिथे आम्ही सहा सात जण त्याला घेऊन गेलो. चॅनेल बदलत बसलो. परदेशी वार्ताहर समोर उभा राहून बोलतोय आणि आमचा कुक त्याच्या मागे बघतोय, खांब, पाण्याची टाकी, चर्चचं टोक, काही ओळखीचं दिसतंय का म्हणून. मग एक बाई बोलायला लागली, तिच्या भाषेत, वाराय म्हणतात ती. एक वाक्य ऐकू आलं आणि लगेच वरून इंग्रजी आवाज चढला, "आम्हाला पाणी हवंय, अन्न हवंय." कुक उठून टीव्हीला जवळजवळ चिकटला. म्हणाला, ती बारांगायचं नाव सांगतेय, आपल्या वाडीचं नाव सांगतेय, कोणत्या शाळेत माणसं आहेत ते सांगतेय, हे ते सांगतच नाहीयेत. बारांगाय म्हणजे त्यांचा सगळ्यात लहान प्रशासकीय भाग, आपली ग्रामपंचायत समजा.

पाणी अन्न हवंय हे काही खोटं नव्हतं. पण ती जे सांगत होती ते गेलं.

त्याचं कुटुंब सुखरूप निघालं, नवव्या दिवशी कळलं. सरकारी आकड्याप्रमाणे ६,३०० माणसं गेली त्या वादळात.

म्हणून मला विचाराल तर स्थानिक म्हणजे ज्याच्या कानाला ते वाडीचं नाव ऐकू येतं तो. तो न्यू जर्सीत वाढलेला असला तरी चालेल.

अनघा७२

दादा, काय लिहिलंत. दोनदा वाचलं.

त्याच वादळातली भाषेची अजून एक गोष्ट. हवामान खात्याने इशारा दिला होता, वेळेवर दिला होता, टीव्ही रेडिओवर शब्द होता स्टॉर्म सर्ज. इंग्रजी शब्द. लोकांना वाटलं नेहमीचंच वादळ, जरा जोराचं. समुद्राचं पाणी भिंतीसारखं आत येणार हे त्या शब्दातून पोचलं नाही, वाचलेले लोक नंतर सांगत होते की त्सुनामी म्हणाला असतात तर पळालो असतो. इंग्रजी येणाऱ्या देशात हे झालं. वैनतेय, तुमच्या इंग्रजीच्या मुद्द्यावर मला हे सारखं आठवतंय. ज्या भाषेने अँकरला सिंगापूरच्या स्टुडिओत नेलं तीच भाषा टॅक्लोबानच्या किनाऱ्यावर अपुरी पडली.

आणि तिथे शंभराहून जास्त भाषा आहेत. टागालोग बोलणारा मनिलाचा वार्ताहर टॅक्लोबानला गेला की त्यालाही वारायसाठी कोणीतरी लागतो. मुंबईच्या चॅनेलचा माणूस भामरागडला माडिया गोंडी ऐकताना जसा अडतो तसंच.

वैनतेय

मान्य. मी उच्चाराचा मुद्दा फार सोपा करून मांडला होता.

पण एक बाजू राहतेय. या लोकांना फक्त फिलिपिन्सच्या बातम्यांपुरतं बघू नका. रेसांचं मोठं काम इंडोनेशियातलं, ओर्तिगास इराकमध्ये, हिझोन तर टोकियोपासून मुंबईपर्यंतचे बाजार सांगायचे. गोऱ्या वार्ताहराने कुठल्याही देशाबद्दल बोललेलं चालतं आणि आशियाई माणसाला मात्र त्याच्या गावापुरतं ठेवायचं ही सवय चॅनेलांना फार आहे. ती यांनी मोडली, आणि मला वाटतं आपण या धाग्यात तेच कमी बोललो.

कॅमेरामागचा

रोज वाचतोय, आज लिहितो. मी मुंबईत एका परदेशी चॅनेलसाठी आठ वर्षं लोकल प्रोड्युसर होतो. चॅनेलचं नाव नको.

लोकल प्रोड्युसर म्हणजे काय तर बातमी शोधायची, माणसं गाठायची, परवानग्या काढायच्या, भाषांतर करायचं, गाडी ठरवायची, आणि रात्री पॅकेज गेलं की त्यात आवाज आणि चेहरा दुसऱ्याचा. शेवटी नाव येईलच याची खात्री नाही. विदर्भातल्या एका स्टोरीसाठी मी तीन आठवडे एका कुटुंबाच्या ओसरीवर बसलो, वार्ताहर दीड दिवस आला, आणि ते कुटुंब त्यानंतर फोन करायचं ते मला. याचं दुःख आजही आहे, खोटं कशाला बोलू. म्हणून फिलिपिनो पत्रकार कॅमेऱ्याच्या पुढे आले याचं मला फार अप्रूप वाटतं. मनिलातही माझ्यासारखे पुष्कळ आहेत, कॅमेरामन, फिक्सर, एडिटर. पण तिथून पुढच्या खुर्चीपर्यंत जायला वाट होती हे दिसलं तरी.

दुसरं, २३ ऑगस्ट २०१०. मनिलाच्या रिझाल पार्कमध्ये नोकरीवरून काढलेल्या एका पोलिसाने हाँगकाँगच्या पर्यटकांची बस धरून ठेवली. जवळजवळ अकरा तास. तिथल्या चॅनेलांनी सगळं लाइव्ह दाखवलं, आणि बसमध्ये टीव्ही होता. बाहेर त्याच्या भावाला पोलीस ओढून नेतायत हे त्याने त्या टीव्हीवर पाहिलं आणि तो बिथरला. आठ पर्यटक मेले. मी ते मुंबईत ऑफिसात बसून बघत होतो आणि पोटात गोळा आला कारण २६/११ ला जाऊन पावणेदोन वर्षंच झाली होती. आपल्याकडेही ताजच्या आणि नरिमन हाऊसच्या कमांडोंच्या हालचाली लाइव्ह गेल्या होत्या आणि पलीकडून फोनवर सूचना देणारे टीव्ही बघत होते. सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या कसाब निकालात चॅनेलांना त्याबद्दल कडक शब्दांत सुनावलं, आणि अशा कारवाईचं लाइव्ह प्रक्षेपण बंद करणारा केबल टीव्हीचा नियम यायला २०१५ उजाडलं.

म्हणून आपला माणूस, स्थानिक माणूस हे सगळं खरं असलं तरी ते पुरत नाही. त्या दिवशी रिझाल पार्कात सगळे स्थानिकच होते.

मेघना_सिंगापूर

दादा, हे वाचून गप्प झाले थोडा वेळ. हाँगकाँगमध्ये त्या वेळी माझी चुलत नणंद होती, ती सांगायची की त्यानंतर कित्येक दिवस तिथल्या फिलिपिनो बायकांना रस्त्यात लोक टाकून बोलायचे. कॅमेरा कुठे थांबवायचा हे न कळल्याची किंमत भलत्यांनीच भरली.

दोहावाली_स्नेहा

कॅमेरामागचा, तुमच्या मुद्द्याला धरूनच. जामेला अलिंदोगान यांचं दक्षिण फिलिपिन्समधल्या मरावी शहराचं काम आठवतंय का कोणाला? मे ते ऑक्टोबर २०१७, पाच महिने त्या शहरात लढाई, साडेतीन लाखांच्या आसपास माणसं घरदार सोडून बाहेर. लढाई संपली की चॅनेलं निघून जातात. त्यांनी मात्र युद्धात सापडलेल्या बायका आणि मुलांसाठी सिनागताला नावाची संस्था काढली. तुम्ही ओसरीवर बसलात ते आणि हे, मला एकाच जातीचं वाटतं.

श्रीकाका

मंडळी, मी वयाने मोठा म्हणून थोडं जुनं सांगतो. आपला आणि मनिलाचा पत्रव्यवहार जुना आहे. मॅगसेसे पुरस्कार तिथूनच येतो. १९५८ ला पहिल्याच वर्षी विनोबा, १९५९ ला चिंतामणराव देशमुख, १९८५ ला बाबा आमटे, २००८ ला प्रकाश आणि मंदाताई. आणि २००७ मध्ये पत्रकारितेसाठी पी. साईनाथ, ज्यांनी आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या लोकांपुढे आणल्या. म्हणजे मनिलाला आपली गावं ठाऊक आहेत. आपल्याला त्यांची किती ठाऊक आहेत?

मला जास्त लागलं ते वेगळंच. २३ नोव्हेंबर २००९ ला मागिंदानाओ प्रांतात एका दिवसात ५८ माणसं मारली, बहुतेक निवडणुकीचा अर्ज भरायला जाणाऱ्या ताफ्यातली, आणि त्यातले ३२ पत्रकार आणि माध्यमांतले लोक होते. बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणची छोट्या पेपरांची आणि रेडिओची माणसं. त्यांचे चेहरे कुठल्या आंतरराष्ट्रीय चॅनेलवर कधी आले नव्हते, आले ते त्या दिवशी. पुढे ५ मे २०२० ला सरकारने एबीएस-सीबीएनचं प्रक्षेपण बंद केलं, जुलैत संसदेच्या समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी परवाना नाकारला. ऐन करोनात. १९७२ ला बंद झालेलं चॅनेल परत बंद. मारियाबाईंनी २०१२ मध्ये रॅपलर नावाचं बातम्यांचं संकेतस्थळ काढलं, त्यांच्यावर खटल्यांची रांग, जून २०२० मध्ये सायबर बदनामीत शिक्षा, आणि २०२१ ला शांततेचं नोबेल. फिलिपिन्सचं पहिलं नोबेल. ते एका बातमीदार बाईला मिळालं याचा मला अतोनात आनंद झाला होता, मी त्या दिवशी पेढे आणले, घरच्यांना कळेना कसले.

मेघना_सिंगापूर

काका, पेढे! किती छान.

एक राहिलंच. हिझोन २०२० मध्ये बीबीसी सोडून मायदेशी गेले, सीएनएन फिलिपिन्समध्ये. ते चॅनेल ३१ जानेवारी २०२४ ला तोट्यापायी बंद झालं. रेसासुद्धा सीएनएन सोडून आधी एबीएस-सीबीएनची बातमी सांभाळायलाच परत गेल्या होत्या. मला सारखं वाटतं की ही माणसं बाहेर पोचली ती घरच्या टीव्हीवर पावसात, गल्लीत, पोलीस ठाण्यात उभं राहून शिकली म्हणून. ती चॅनेलं बंद होत गेली तर पुढचा हिझोन कुठे शिकणार? आमची शेजारीण आता गावी परत गेलीय, इलोइलोला. तिला विचारलं तर म्हणाली बातम्या फोनवर बघतो, फेसबुकवर. काळजीच वाटली.

आई_नाशिकची

मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा मुलगा दावावला एमबीबीएस करतोय, दुसरं वर्ष. आपल्या नाशिक, नगरची बरीच मुलं आहेत तिथे. वादळाची बातमी आली की मी दिवसभर इंग्रजी चॅनेल लावून बसते पण त्यात दावावचं नावच येत नाही, आणि परवा मी त्याला वादळाचं नाव सांगितलं तर म्हणाला असं कुठलं वादळ नाही इथे. मग मी जास्तच घाबरले. कुठे बघायचं नक्की?

दर्याचा_पाहुणा

ताई घाबरू नका. तिथलं हवामान खातं म्हणजे पागासा, वादळाला आपलं स्वतःचं नाव देतं. जग ज्याला हैयान म्हणतं ते तिथे योलांडा, आमच्या कुकला हैयान हा शब्द आम्हीच सांगितला होता. दावाव शहर वादळांच्या नेहमीच्या वाटेवर येत नाही, बहुतेक वादळं उत्तरेला जातात, पण डिसेंबर २०१२ मध्ये बोफा आलं होतं ते त्या प्रांताच्या पूर्वेच्या बाजूला फार नुकसान करून गेलं, तिथे त्याचं नाव पाब्लो. तेव्हा मुलाला तिथलं नाव विचारा, त्याच्या बारांगायचं नाव लिहून ठेवा, आणि त्या दोन नावांनी शोधा. तिथले स्थानिक वार्ताहर फेसबुकवर लाइव्ह असतात, भाषा बिसाया असेल, कळणार नाही, पण नावं कळतील.

आई_नाशिकची

विचारलं दादा. तो तालोमो भागात राहतो, वादळाचंही तिथलं नाव सांगितलं त्याने. दोन्ही फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलंय. त्याच्या घरमालकीणबाई रोज संध्याकाळी बातम्या लावतात म्हणे, त्यांना सांगितलंय की काही झालं तर याला हाक मारा.